शब्दांची खतावणी : ऑडिट म्हणजे ऐकणे



गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीतील माझे एक जुने स्नेही, धान्याचे व्यापारी, सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन घरी आले. दुखणे फारसे गंभीर नव्हते, मूतखडा होता. त्यांना खटकले होते ते निराळेच. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "साहेब, ह्यात 'कॅल्क्युलस' असं लिहिलंय. आमचा नातू बारावीला जे गणित घोकतोय त्याचंही नाव हेच. माझ्या पोटात गणित कसं काय शिरलं?"

आम्ही दोघेही मनसोक्त हसलो. परंतु प्रश्न खरोखरच मार्मिक होता आणि त्याचे उत्तर दोन हजार वर्षांमागे जाते. लॅटिन ही प्राचीन रोमची भाषा. तीत 'कॅल्क्युलस' म्हणजे लहानसा खडा. रोमन व्यापारी पाटीवर खडे मांडून आणि सरकवून हिशेब करीत. खड्यांनी करावयाचा हिशेब म्हणून 'कॅल्क्युलेट' हा शब्द झाला, त्यातूनच 'कॅल्क्युलेटर' आला. वैद्यांनी मात्र मूळचा खडा तसाच ठेवला. पोत्यामागे एक खडा बाजूला टाकून मोजदाद करणारे हमाल मी स्वतः पाहिले आहेत. त्यांना लॅटिन येत नव्हते, पण 'कॅल्क्युलेट' या शब्दाचा मूळ अर्थ ते रोज आचरीत होते.

स्नेही निघून गेल्यावर मनात आले, की आपल्या दुकानात, पेढीवर आणि बँकेत आपण दिवसभर जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांची अशी खतावणी एकदा मांडावी. ज्या खात्याचे जे मूळ, ते त्या खाती टाकावे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

प्रथम एक शंका दूर करतो. रोम कोठे आणि कोल्हापूर कोठे, असे कोणाला वाटेल. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष या टेकडीत सापडले आणि त्याच टेकडीतून रोमन घडणीच्या काशाच्या वस्तू निघाल्या. त्यांपैकी समुद्रदेवता पोसायडन याची लहानशी मूर्ती प्रसिद्ध आहे. ती आजही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. मुलांना बागेत नेता तेव्हा दहा मिनिटे काढून ती मूर्ती अवश्य दाखवा. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावरच्या गावात समुद्राचा देव पोहोचला तो व्यापाराच्या वाटेने. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने इ. स. च्या पहिल्या शतकात तक्रारच करून ठेवली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. मिरी, मौल्यवान रत्ने आणि तलम वस्त्रे यांच्या बदल्यात ते धन इकडे येत असे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर व्यापाराचा तोल आपल्या बाजूने होता.

नाण्यांबरोबर त्यांची नावेही आली. रोमचे चांदीचे नाणे 'डिनारियस'. त्याचा अर्थ 'दहाचे', कारण प्रारंभी त्याची किंमत 'अस' नावाच्या दहा नाण्यांइतकी होती. ग्रीकांच्या मध्यस्थीने हाच शब्द आपल्याकडे 'दीनार' झाला आणि गुप्तकाळातील लेखांत सोन्याच्या नाण्यासाठी रुळला. आपल्या कल्पसूत्रात त्रिशलामातेच्या चौथ्या स्वप्नातील श्रीदेवीचे जे वर्णन आहे, त्यात देवीच्या वक्षावर दीनारांची माळ रुळते. रोमच्या टांकसाळीतील शब्द लक्ष्मीच्या गळ्यात विराजमान झाला, याहून मोठा सन्मान कोणत्या नाण्याला मिळाला असेल?

ही झाली पहिली वाट. दुसरी वाट गोव्याची. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पोर्तुगीज ही लॅटिनची थेट कन्या. तिच्याकडून आलेले शब्द आपण इतके आपलेसे केले आहेत, की ते परके आहेत असे सांगितले तर घरातील आजीही विश्वास ठेवणार नाही. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शाव'पासून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'क्लाविस'. घर बांधताना ज्याची आपण विनवणी करतो तो 'मेस्त्री' म्हणजे पोर्तुगीज 'मेस्त्र', मुळात लॅटिन 'मॅजिस्टर', म्हणजे गुरू किंवा श्रेष्ठ. इंग्रजीतील 'मास्टर' आणि 'मॅजिस्ट्रेट' हे याच मेस्त्रीचे भाऊबंद.

आता 'पाव' घ्या. पोर्तुगीज 'पांव', लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी. आणि 'कंपनी' हा शब्द? 'कॉम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. जे एकत्र बसून भाकरी मोडतात ते 'कंपनी'. कोल्हापुरात मिसळीच्या टेबलावर चार भागीदार पाव मोडत नव्या धंद्याची बोलणी करतात, तेव्हा कंपनीची स्थापना रजिस्ट्रारकडे होण्यापूर्वीच, शब्दार्थाने, तेथे होऊन गेलेली असते. भागीदारी मोडण्याच्या वाटेवर असलेले दोन भाऊ माझ्यासमोर बसत, तेव्हा मी त्यांना कागदपत्रांआधी एकच विचारीत असे, "एका ताटात जेवून किती दिवस झाले?" बहुधा उत्तर येत नसे. त्या काळी मला 'कंपनी'चा अर्थ ठाऊक नव्हता, पण रोग नेमका तेथेच असे.

'पगार' हा तर प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा शब्द. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे देणे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांती. इंग्रजी 'पे' हा शब्दही फ्रेंच वाटेने याच मुळापासून आला. ज्याचे आपण देणे लागतो त्याचे मन शांत करणे, हा देणे फेडण्याचा मूळ अर्थ. महिन्याची एक तारीख उलटून गेली आणि नोकर मालकाच्या दाराशी घुटमळू लागला, की शांती बिघडते ती दोघांचीही. लॅटिनमध्ये पगाराला दुसरे नाव 'सालारियम' असे होते. 'साल' म्हणजे मीठ. त्यावरून 'सॅलरी' आली. रोमन सैनिकांना पगारात मीठच मिळत असे, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही, परंतु शब्दाचे मिठाशी नाते निश्चित आहे. आपणही 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतोच. समुद्राच्या दोन्ही तीरांवर चाकरीचा संबंध मिठाशी जोडला गेला, हे मोठे विलक्षण आहे.

तिसरी वाट इंग्रजांची. शाळा, कचेरी आणि बँक यांतून ती आली. मात्र तिच्याविषयी लिहिण्याआधी एका जुन्या नात्याची नोंद करावी लागेल. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य इतके आहे, की त्यांचा उगम एकाच मूळ भाषेतून झाला असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. म्हणजे लॅटिन ही संस्कृतची ना आई, ना लेक. ती लांबच्या गावी दिलेली बहीण. पुरावा आपल्या भिंतीवरील कॅलेंडरात आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांतील 'सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम' मोठ्याने म्हणून पाहा आणि लगेच 'सप्त, अष्ट, नव, दश' म्हणा. रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून डिसेंबर हा दहावा. आपण व्याज 'दर शेकडा' मोजतो. 'पर्सेंट'चाही अर्थ तोच, कारण 'सेंटम' म्हणजे शत. रोमन लोक पैशाला 'पेकुनिया' म्हणत, कारण 'पेकुस' म्हणजे पशू. आपण 'गोधन' म्हणतो. जनावर हीच पहिली मालमत्ता, हे दोघी बहिणींनी आपापल्या परीने लक्षात ठेवले.

आता बँकेच्या वहीकडे वळू. 'बँक' हा शब्द मात्र मूळचा लॅटिन नाही. तो इटालियन 'बांका'वरून आला आणि त्याचा अर्थ बसावयाचे बाक. इटलीतील सराफ बाजारात बाक मांडून व्यवहार करीत. आपल्या व्यापाऱ्याची 'गादी', त्यांचे 'बाक'. बसण्याच्या जागेवरूनच पेढीचे नाव पडावे, ही रीत तेथेही आपल्यासारखीच.

'कॅपिटल' हा शब्द 'कापुट' म्हणजे डोके यावरून आला. रकमेचा मुख्य भाग तो कॅपिटल, बाकी सारे त्याच्या आधाराने उभे. भांडवलात हात घालून लग्नाचा खर्च भागवू नये, असे आपले वडीलधारे सांगत, ते डोके शाबूत राहावे म्हणूनच.

'डेबिट' म्हणजे 'डेबिटुम', जे देणे आहे ते. त्या क्रियापदाची फोड केली तर अर्थ निघतो, दुसऱ्याचे आपल्यापाशी ठेवणे. कर्ज ही आपली रक्कम नव्हे. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरी आहे, एवढेच. कर्जाच्या पैशातून गाडी घेऊन मिरवणाऱ्यांनी ही फोड एकदा तरी वाचावी.

आणि 'क्रेडिट'? लॅटिन 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. या शब्दाचे संस्कृतातील सख्खे भावंड कोणते, हे मला कळले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. ते भावंड म्हणजे 'श्रद्धा'. 'क्रेडो' आणि 'श्रद्धा' एकाच मुळापासून झाले आहेत, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत एकमत आहे. ज्याच्यावर श्रद्धा त्याला उधार. आपण त्यालाच 'पत' म्हणतो. आज मोबाइलवर बोट ठेवले की क्रेडिट स्कोअरचा तीन अंकी आकडा दिसतो. तो आकडा उपयोगाचा आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. परंतु बाजारात ज्याच्या शब्दावर गुळाचे ढीग उचलले जात, त्याच्या पतीला आकडा नव्हता; तिच्यामागे लोकांची श्रद्धा होती.

आता शेवटचा शब्द. त्याच्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास घेतला. तो शब्द 'ऑडिट'.

लॅटिन 'आउडिरे' म्हणजे ऐकणे. 'ऑडिओ' आणि 'ऑडिटोरियम' त्याच घरचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदारांचे कारभारी वर्षाचा हिशेब तोंडी सादर करीत, वह्या मोठ्याने वाचल्या जात आणि तपासनीस समोर बसून ऐकत. म्हणून तो 'ऑडिटर', म्हणजे ऐकणारा. आपण त्याला 'लेखापरीक्षण' म्हणतो. परीक्षा या शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे आहे. आपला शब्द डोळ्यांचा, त्यांचा कानांचा. मी सारी उमेद डोळ्यांनीच ऑडिट केले, आणि त्यातील एक नोंद आजही माझ्या खात्यावर नावे पडलेली आहे.

नोकरीच्या मध्यावर काही वर्षे मी अंतर्गत तपासणी विभागात होतो. एका तालुक्याच्या गावी तपासणीस गेलो असता एका गूळ व्यापाऱ्याच्या खात्यात मर्यादेपेक्षा अकरा हजार चारशे रुपयांची जास्त उचल दिसली. शाखाधिकारी त्या दिवशी रजेवर होते. हाताखालच्या एका वयस्क अधिकाऱ्याने, तसा अधिकार नसताना, चेक पास केला होता. नवव्या दिवशी रक्कम भरून आली होती. तरीही नियम मोडला होता, यात संशय नव्हता. मी शेरा लिहू लागलो तेव्हा ते गृहस्थ टेबलाजवळ आले आणि म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं ऐकून घ्याल का?" मी मान वर न करता उत्तर दिले, "जे सांगायचं असेल ते लेखी द्या."

त्यांनी लेखी काहीच दिले नाही. माझ्या शेऱ्यावर चौकशी झाली आणि त्यांची एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. मी पुढच्या शाखेला निघून गेलो.

बारा-तेरा वर्षांनी एका लग्नात त्या व्यापाऱ्याची गाठ पडली. बोलता बोलता त्यांनी स्वतःच विषय काढला. त्या आठवड्यात त्यांच्या मुलाचे मिरजेला तातडीचे ऑपरेशन झाले होते. हाताशी होती ती सारी रक्कम तेथे गेली. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे चेक दिलेले होते आणि गुजरातच्या पार्टीचा ड्राफ्ट टपालात अडकला होता. त्या अधिकाऱ्याने ट्रंक कॉल लावून ड्राफ्ट निघाल्याची खात्री करून घेतली होती आणि मगच चेक पास केला होता. "पण मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं," शेठजी म्हणाले, "की ही गोष्ट कागदावर आणू नका. बाजारात कळलं असतं तर माझी पत गेली असती." म्हणून ते दोन मिनिटे तोंडी बोलू पाहत होते आणि म्हणूनच त्यांनी लेखी काही दिले नाही. व्यापाऱ्याची पत त्यांनी राखली आणि त्याचा भुर्दंड स्वतः सोसला.

त्या वर्षीच्या क्षमापनेला मी त्यांच्या गावी गेलो. निवृत्त होऊन ते शेती पाहत होते. त्यांनी मला बसवले, चहा दिला आणि माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "शेरा तुमचा बरोबरच होता साहेब. नियम मोडलाच होता मी. तेवढं एकदा ऐकून घ्याल असं वाटलं होतं."

ते आज हयात नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचार केला आहे, की मी ऐकून घेतले असते तर काय बदलले असते? शेरा मी लिहिलाच असता. तो लिहिणे माझे कर्तव्य होते. पण त्याखाली आणखी एक ओळ आली असती. त्या घरची अडचण उघड न करता, ड्राफ्टची खातरजमा आधी करून घेतली होती, एवढे तरी मी लिहू शकलो असतो. त्या एका ओळीने कदाचित त्यांची वेतनवाढ वाचली असती. मी जी वही तपासली तिचा एकही आकडा चुकला नव्हता, परंतु ऑडिट मात्र मी केलेच नव्हते.

'ऑडिटर' या शब्दाचा अर्थ प्रथम वाचला त्या दिवशी आणखी एक शब्द मनात आला आणि मी वरमलो. आपण स्वतःला 'श्रावक' म्हणवतो. 'श्रु' म्हणजे ऐकणे. जो ऐकतो तो श्रावक. ऐकणारा हीच आपली ओळख जन्मापासून माझ्यापाशी होती, आणि पगारही ऐकणाऱ्याच्याच हुद्द्याचा मिळत होता. असे असूनही समोर उभ्या असलेल्या माणसाला मी दोन मिनिटे दिली नाहीत.

वाचकहो, मार्च जवळ आला, की आपल्या दुकानांत वह्या मिटवण्याची घाई सुरू होते. चार्टर्ड अकाउंटंटकडे पेन ड्राइव्ह जातो, सही होऊन ताळेबंद परत येतो आणि कपाटात पडतो. यंदा एक करून पाहा. एका संध्याकाळी दिवाणजींना समोर बसवा, मुलगा, सून, मुलगी यांना जवळ बोलवा आणि वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचावयास सांगा. घेणे कोणाकडे राहिले आणि का राहिले, कोणाचे देणे लांबले आणि त्याचे मन शांत केले की नाही, कोणावर श्रद्धा ठेवली आणि ती फळाला आली की नाही, हे सारे आकड्यांच्या मधल्या जागेत असते. ते दिसत नाही, ऐकू येते. दिवाणजी एखाद्या नोंदीपाशी अडखळले तर मान वर करा आणि विचारा, "काय झालं होतं?"

माझे स्नेही आता बरे आहेत. भरपूर पाणी प्याल्याने खडा पडून गेला. परवा फोन करून म्हणाले, "साहेब, हिशेब चुकता झाला."

पुढील महिन्यात भेटूच.